जुन्या वळणाचा बूट आणि त्याचे मोल

चाळीस वर्षांपूर्वी बाजारात आलेला एक बूट आज पुन्हा तरुणांच्या पायांत दिसू लागला आहे. 'एअर जॉर्डन १' हे त्याचे नाव. मायकेल जॉर्डन या अमेरिकन बास्केटबॉलपटूशी नाइकी कंपनीने १९८४ साली करार केला, पीटर मूर या आरेखकाने बुटाचा घाट सिद्ध केला आणि १९८५ साली ६५ डॉलर किमतीला तो दुकानांत मांडला गेला. पुढे याच जुन्या घाटाबरहुकूम नव्या आवृत्त्या निघू लागल्या. व्यापाराच्या भाषेत त्यांना 'रेट्रो' म्हणतात. २०२३ साली अशा उंच गळ्याच्या एका जोड्याची अमेरिकेतील छापील किंमत १८० डॉलरच्या घरात होती. मैदानासाठी जन्मलेला हा बूट आता मैदानावर जवळजवळ कोणी वापरीत नाही. तो रस्त्यावर, महाविद्यालयात, समारंभात मिरवला जातो.

एका बुटाचा इतका गंभीर विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. महिन्याच्या कमाईचा मोठा हिस्सा ज्या वस्तूवर खर्च होतो आणि जी मिळावी म्हणून तरुण मुले झुरतात, ती वस्तू क्षुल्लक खासच नव्हे. तिचे रूप, तिच्यापासून मिळणारे सुख आणि तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा मेळ बसतो की नाही, हे पारखण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. मात्र ही पारख करताना बुटाच्या पेटीवर जे छापलेले नसते, तेही हिशेबात धरले पाहिजे.

प्रथम रूपाविषयी. हा बूट देखणा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. कातड्याचे मोजके तुकडे, दोन-तीन ठळक रंग, घोट्यापर्यंत चढणारा गळा, पुढच्या बाजूस हवा खेळण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे आणि घोट्यापाशी पंख पसरलेल्या चेंडूची मुद्रा, एवढीच त्याची सामग्री. नंतरच्या काळातील बुटांवर दिसणारी नक्षीची गर्दी त्यात नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगात घडवता येईल अशी त्याची बांधणी असल्यामुळे एकाच घाटातून शेकडो रंगमेळ निघू शकले. चाळीस वर्षांनंतरही तो जुनाट वाटत नाही, याचे श्रेय मूर यांच्या संयमाला दिले पाहिजे.

परंतु या रूपाभोवती जी आख्यायिका रचली गेली, ती तपासून घेणे अगत्याचे आहे. संघातील खेळाडूंच्या बुटांत एकसारखेपणा असावा, असा एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा नियम होता. जॉर्डनचा काळा-तांबडा जोडा त्या नियमात बसत नव्हता आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये संघटनेने तसे पत्र कंपनीस पाठवले. कंपनीने या मनाईचेच भांडवल केले. संघटनेने हा बूट मैदानाबाहेर काढला असला, तरी तुम्हांला तो घालण्यापासून ती रोखू शकत नाही, अशा आशयाची जाहिरात झळकली आणि बूट बंडखोरीचे प्रतीक ठरला. या बुटांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांचे मत मात्र असे की, मनाईचे निमित्त झालेला तो जोडा 'एअर शिप' नावाच्या दुसऱ्याच नमुन्याचा होता. म्हणजे बंड एका बुटाचे आणि कीर्ती दुसऱ्याची. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, वर्णभेदाने पोळलेल्या अमेरिकन शहरांतील कृष्णवर्णीय तरुणांच्या मनात व्यवस्थेविरुद्ध जो खरा राग होता, त्याला येथे ६५ डॉलरांची वाट काढून देण्यात आली. राग खरा होता आणि त्याची विक्रीही तितक्याच खऱ्या पैशांत झाली. पहिल्या वर्षातच या नाममुद्रेची विक्री दहा कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली.

दुसरी कसोटी सुखाची. येथे भक्तांनी थोडे शांत होऊन ऐकावे. बुटाच्या नावात 'एअर' हा शब्द आहे आणि टाचेखाली हवेची एक लहान पिशवी खरोखरच बसवलेली आहे. पण ती बाहेरून दिसत नाही आणि पायाला तिचा प्रत्ययही बेताचाच येतो. तळ सपाट, जाड रबराचा. त्याच्या वाटीसारख्या कडा कातड्याला शिवलेल्या. ही बांधणी टिकाऊ आहे, पण मऊ नाही. नवा जोडा पहिले काही दिवस टाचेला आणि बोटांच्या सांध्यांना जाचतो. वापराने कातडे नरम पडले की पायाच्या वळणाला जुळते. रुंद पंजाच्या माणसाला पुढची बाजू आवळ वाटते. थोडे चालणे, बसणे-उठणे, मित्रमंडळींत वावरणे यासाठी तो पुरेसा आहे. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या परिचारिकेने, वाहकाने किंवा दुकानातील नोकराने पायांच्या आरामासाठी म्हणून तो घेऊ नये. कारण त्याहून हलके आणि मऊ बूट पुष्कळ कमी किमतीत मिळतात.

याबाबत खुद्द जॉर्डनचा अनुभव बोलका आहे. ८ मार्च १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो आपल्या सुरुवातीच्या काळातील जुना जोडा घालून उतरला. त्या सामन्यात त्याने ४२ गुण मिळवले, पण मध्यंतरापर्यंतच त्याचे पाय रक्ताळले होते. २०२० साली निघालेल्या 'द लास्ट डान्स' या माहितीपट-मालिकेत त्याने ही हकीकत सांगितली आहे. ज्या पायांच्या नावाने बूट विकला जातो, त्या पायांनीच चौदा वर्षांच्या प्रगतीनंतर जुन्या घाटाविषयी दिलेला हा निकाल होय. स्मृतीसाठी तो जोडा त्याने एक दिवस घातला. खेळण्यासाठी तो आपल्या नव्या बुटांकडेच परतला.

आता मोलाकडे वळू. १९८५ साली ६५ डॉलर आणि २०२३ साली १८० डॉलर, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की लूट झाली असे एकदम वाटते. ते बरोबर नाही. अमेरिकेतील महागाईचा निर्देशांक धरला, तर १९८५ चे ६५ डॉलर म्हणजे २०२३ चे सुमारे १८४ डॉलर होतात. म्हणजे या हिशेबाने किंमत जवळजवळ जागच्या जागी आहे. हा मुद्दा कंपनीच्या बाजूचा आहे आणि तो तिला द्यावा.

पण महागाईचा निर्देशांक हा एक गज झाला. कष्टकऱ्याच्या घामाचा गज निराळा आहे. १९८५ साली अमेरिकेत संघराज्याने ठरवलेले किमान वेतन तासाला ३ डॉलर ३५ सेंट होते. त्या दराने राबणाऱ्याला हा बूट घेण्यासाठी साडेएकोणीस तास काम करावे लागे. २००९ पासून ते वेतन ७ डॉलर २५ सेंटवर गोठले आहे आणि या दराने त्याच बुटाला जवळजवळ पंचवीस तास लागतात. अनेक राज्यांनी आपले किमान वेतन याहून वर नेले आहे, हे खरे; पण ज्यांना संघराज्याच्या दरापलीकडे कायद्याचा आधार नाही, त्यांच्या दृष्टीने बूट महागला आहे. एकाच वस्तूची किंमत एका गजाने स्थिर आणि दुसऱ्याने चढती दिसते. वाढलेल्या संपत्तीचा वाटा खालपर्यंत पोहोचला नाही, हेच या तफावतीचे कारण.

शिवाय त्या १८० डॉलरांत नेमके काय मिळते? बुटाचा आराखडा चाळीस वर्षांचा आहे. संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झाला आहे. हवेच्या पिशवीचे तंत्र तर १९७० च्या दशकाच्या अखेरचे. किमतीचा मोठा भाग नावाचा आहे. हे नाव किती चंचल असते, याचा दाखला या बुटाच्याच चरित्रात सापडतो. पहिल्या लाटेनंतर दुकानांत माल साचला आणि तो पडेल भावाने विकला गेला. तेव्हा स्केटबोर्डवर कसरती करणाऱ्या मुलांनी तो उचलला, कारण जाड कातडे आणि उंच गळा यांचा त्यांना खरोखर उपयोग होता. या बुटाला त्याच्या उपयोगाइतकीच किंमत मिळाली, असा तो बहुधा एकमेव काळ. पुढे १९९४ साली कंपनीने पहिली 'रेट्रो' आवृत्ती काढली, तेव्हाही फारसे कोणी तिच्याकडे फिरकले नाही आणि दुकानदारांना ती सवलतीत काढावी लागली. घाट तोच, नाव तेच. तरीही १९९४ साली जो बूट पडून राहिला, त्याच बुटासाठी दोन दशकांनंतर रात्रभर रांगा लागल्या. मधल्या काळात बूट सुधारला नव्हता. थोडा माल, थोड्या दुकानांत, ठरावीक दिवशी सोडण्याचे तंत्र मात्र पक्के झाले होते. या कृत्रिम टंचाईवर पुनर्विक्रीचा बाजार पोसला गेला. छापील किमतीच्या दुपटी-तिपटीने जोडे विकले जाऊ लागले. न वापरता कपाटात ठेवलेला बूट हा गुंतवणुकीचा प्रकार बनला. निसर्गाने या गुंतवणुकीची थोडी थट्टाही केली आहे. नंतरच्या काही जॉर्डन नमुन्यांच्या तळाशी असलेला पॉलियुरेथेनचा फेस हवेतील ओलाव्याने काही वर्षांत आपोआप भुगा होतो. पेटीत जपलेला बूट पेटीतच मरतो.

या हव्यासाची किंमत कधीकधी जिवाने चुकवली गेली. १९८९ साली मेरीलँड राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाचा जॉर्डन बुटांसाठी खून झाला आणि त्या सुमारास अमेरिकेतील वृत्तपत्रांत अशा घटनांची चर्चा सुरू झाली. १९९० साली शिकागोच्या 'ऑपरेशन पुश' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने नाइकीच्या मालावर बहिष्कार पुकारला. कृष्णवर्णीय ग्राहकांच्या पैशावर वाढलेल्या कंपनीत कृष्णवर्णीयांना वरच्या जागा आणि व्यवहारातला वाटा का नाही, हा त्यांचा सवाल होता. बहिष्कार फार काळ टिकला नाही, पण सवाल रास्त होता.

आणखी एक सवाल याहून खोल जातो, आणि तो बूट बनवणाऱ्या हातांचा. १९८० च्या दशकाच्या मध्यास नाइकीने अमेरिकेतील आपले बुटांचे कारखाने बंद केले. पहिले एअर जॉर्डन बूट प्रामुख्याने दक्षिण कोरियात बनले. तेथे तेव्हा लष्करी राजवट होती, संघटना दडपलेल्या होत्या आणि मजुरी स्वस्त होती. १९८७ साली कोरियन कामगारांनी देशव्यापी लढा दिला, स्वतंत्र संघटना उभ्या केल्या आणि वेतने वाढवून घेतली. त्यानंतर काही वर्षांतच बुटांच्या मागण्या इंडोनेशिया आणि चीनकडे वळल्या, पुढे व्हिएतनामकडे गेल्या. कामगार जेथे ताठ उभा राहिला, तेथून बुटाने काढता पाय घेतला. १९९२ साली 'हार्पर्स' मासिकात जेफ बॅलिंजर यांनी इंडोनेशियातील एका कामगार स्त्रीची वेतनचिठ्ठी छापली, तेव्हा तिची दिवसाची कमाई एक डॉलरच्या आसपास असल्याचे जगाने पाहिले. १९९७ साली व्हिएतनाममधील एका कारखान्याची अंतर्गत तपासणी बाहेर फुटली आणि डिंकातील टोल्युइनच्या वाफांनी कामगारांचे श्वास कसे कोंडत होते, ते उघड झाले.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वाढत्या निदर्शनांपुढे १९९८ साली कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना आपल्या मालाचे नाव वेठबिगारीच्या वेतनाशी जोडले गेल्याची जाहीर कबुली द्यावी लागली. बुटांच्या कारखान्यांत कामगाराचे किमान वय १८ करण्याचे आणि हवेच्या शुद्धतेचे अमेरिकन निकष पाळण्याचे वचन त्यांनी दिले. घातक डिंकाऐवजी पाण्यावर आधारित डिंक मोठ्या प्रमाणात वापरात आला. २००५ साली कंपनीने कंत्राटी कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. तोवर ती व्यापारी गुपित मानली जात होती. २०११ साली इंडोनेशियात कामगार संघटना, कारखानदार आणि नाइकीसह मोठ्या कंपन्या यांच्यात संघटना-स्वातंत्र्याचा करार झाला. या सुधारणा खऱ्या आहेत. त्या कोणाच्या औदार्याने आल्या नाहीत. जकार्त्याच्या परिसरातील संप, अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची आंदोलने आणि चिकाटीने कागद शोधणारे कार्यकर्ते यांनी त्या ओढून आणल्या. २००८ साली व्हिएतनाममधील चिंग लुह कारखान्यात नाइकीचे बूट बनवणारे सुमारे वीस हजार कामगार संपावर गेले. त्यांनी वीस टक्के वाढ मागितली होती. निम्मी पदरात पडली.

आज नाइकीचे सुमारे निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनतात. तेथे २०२४ च्या जुलैपासून मोठ्या शहरांच्या विभागात किमान वेतन महिन्याला ४९ लाख ६० हजार डोंग, म्हणजे सुमारे १९५ डॉलर ठरले होते. मोठ्या कारखान्यांत प्रत्यक्ष मिळकत याहून अधिक असते. शेती सोडून आलेल्या कुटुंबांना या कामाने आधार दिला, हेही नाकारण्याचे कारण नाही. तरीही कायद्याने ठरलेली महिन्याची किमान मजुरी आणि एका बुटाची छापील किंमत या दोहोंत पंधरा डॉलरांचे अंतर असावे, हा हिशेब कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील. बूट बनवणारीने तो विकत घेण्याचे स्वप्न पाहू नये, अशीच ही रचना आहे.

स्वस्त बूट हे यावरचे उत्तर आहे काय? २००६ साली स्टीफन मारबरी या खेळाडूने १४ डॉलर ९८ सेंटचा 'स्टारबरी' बूट काढला आणि तोच घालून तो एनबीएच्या सामन्यांत खेळला. गरीब आईबापांवरचा भार हलका व्हावा, ही त्याची भूमिका प्रामाणिक होती. खेळासाठी पुरेसा बूट दीडशे डॉलरांशिवायही बनू शकतो, हे त्याने सिद्ध केले. पण तो विकणारी दुकानांची साखळी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि प्रयोग मंदावला. शिवाय ग्राहकाला स्वस्त पडलेला बूट कामगाराला न्याय देतोच असे नाही. किंमत उतरवणे आणि मजुरी चढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्यासाठी संघटनेवाचून मार्ग नाही.

हे सारे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. बुटांचे हे स्थलांतर भारतातही पोहोचले आहे. तमिळनाडूत चेय्यार येथे तैवानी मालकीच्या कारखान्यांत नाइकीसाठी बूट बनतात आणि तेथील कामगारांत बहुसंख्य खेड्यांतून आलेल्या तरुण स्त्रिया आहेत. अशा उद्योगांना आकर्षित करण्याची राज्याराज्यांत चढाओढ लागली आहे. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने दिवसाला बारा तासांच्या कामाची मुभा देणारे विधेयक संमत केले आणि कामगार संघटनांच्या विरोधामुळे ते मागे घ्यावे लागले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कोरिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांनी जे अनुभवले, त्याची ही पूर्वचिन्हे होत. बूट येथे येतील, रोजगार येईल आणि त्याचे स्वागतच करावे. पण कोणत्या अटींवर, हे ठरवताना कामगारांचा आवाज असेल की नाही, हा खरा प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट चळवळीतील ज्येष्ठांसाठी. साध्या राहणीची परंपरा आदरणीय आहे, परंतु तिचा वापर तरुणांना हिणवण्यासाठी होऊ नये. गिरणगावातल्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलाला देखणा बूट आवडला, तर त्यात पाप नाही. सुंदर वस्तूंवर श्रीमंतांचाच हक्क असावा, असे समाजवादाने कधी म्हटलेले नाही. ज्याला हा बूट मनापासून आवडतो, त्याने तो छापील किमतीला घ्यावा, रोज वापरावा, तळ झिजला तर चांभाराकडून दुरुस्त करून घ्यावा. तळ शिवलेला असल्याने ते शक्यही असते. असे पाच-सहा वर्षे चालले, तर पैसे वाया गेले असे म्हणवणार नाही. आरामासाठी तो घेऊ नये. पुनर्विक्रीच्या बाजारात दुप्पट मोजून तर मुळीच घेऊ नये, कारण तो वरचा पैसा ना आरेखकाला मिळतो, ना कामगाराला. तो केवळ टंचाईच्या दलालांचा असतो. आणि कर्ज काढून किंवा आईच्या हातची बचत मोडून घ्यावा इतके या बुटात काही नाही.

कार्यकर्त्यांपुढचे काम यापुढचे आहे. बूट आवडणाऱ्या तरुणाशी वाद घालण्यापेक्षा, तो बूट कोठे बनला हे जिभेच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर त्याच्याबरोबर बसून वाचावे. तेथे एका देशाचे नाव असते. त्या देशात मजुरी किती, संघटनेचा हक्क आहे की नाही, कारखान्यांची यादी कोठे मिळते, हे प्रश्न त्याच गप्पांतून निघू शकतात. ज्यांनी १९९० च्या दशकात एवढ्या मोठ्या कंपनीला नमवले, तेही बहुतांशी असेच बूट घालणारे विद्यार्थी आणि ते बनवणाऱ्या मुली होत्या. त्या दोघांची गाठ पडली म्हणून डिंक बदलला आणि यादी बाहेर आली. चेय्यारच्या कामगार मुलींशी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांची तशी गाठ घालून देणे, हे आजच्या कार्यकर्त्यांच्या हातचे आहे.